वाशीची टाकी

कॅम्प, बेळगाव
४ ऑक्टोबर १९८१

चि. सौ. वासंतीस प्रमोदिनीआक्काचे अनेक आशीर्वाद.

पेपरातला तुझा फोटो पाहिला. तांब्याच्या खाणीतलं हिरवं पाणी तू भुईमुगाच्या टरफलांच्या टाकीतून सोडतेस, तांबं टरफलांना धरतं आणि ओढ्याला निवळ पाणी जातं, असं खाली छापलंय. आप्पांनी तो अंक पार कंग्राळीपर्यंत मिरवला. आमची वाशी लई हुशार, म्हणत होते. रसायनात दोनदा नापास झालेली ती हीच का, असं मी विचारलं, तर माझ्यावरच चिडले.

खरं सांगू? माझा जळफळाट झाला. बी.एस्सी.ला पहिली मी आले, आणि इथं शाळेत मुलींना मोरचूद दाखवत बसले आहे. तुला मात्र लग्नात नवऱ्याबरोबर प्रयोगशाळाही मिळाली.

गोपाळरावांना नमस्कार. राग आला तरी लिहीत जा.
तुझी आक्का

खाण वसाहत
१९ ऑक्टोबर

ती. आक्कास वासंतीचा शि. सा. न. वि. वि.

टोमणा पोचला. पण टाकी रुसली आहे गं, पाणी पुन्हा हिरवं येतंय. नवी टरफलं भरली की चालते, पण तांबं धरलेली जुनी टाकायची कुठं? पावसानं सगळं परत ओढ्यात जाईल, आणि खालच्या गावची गुरं तिथंच पाणी पितात. यांनाही उपाय सुचेना. खाणीचे साहेब टाकी मोडायला निघालेत. तुला काही सुचतंय का?

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
वासंती

बेळगाव
२६ ऑक्टोबर

चि. सौ. वासंतीस आशीर्वाद.

सुचतंय. गौरी यायच्या आधी आपण तांब्याची भांडी घासायचो. म्हणजे मी घासायची आणि तू शेजारी पळायचीस. पळाली नसतीस तर तुलाही सुचलं असतं. याहून जास्त पत्रात लिहिणार नाही. साहेबांकडून माझ्या नावाचं बोलावणं पाठव. आणि हो, त्या फोटोवाल्यालाही कळव.

माझा स्वभाव असाच, सांभाळून घे.
आक्का

खाण वसाहत
५ नोव्हेंबर

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं, चिंच कोळली आणि ते पाणी जुन्या टरफलांवर ओतलं. सगळं तांबं खाली बादलीत उतरलं. टरफलं पुन्हा कामाला लागली, टाकी वाचली.

साहेबांना सांगितलं, हे डोकं माझ्या आक्काचं. बोलावणं सोबत आहे. फोटोत तूच पुढं उभी राहा. फक्त माझ्या नापासाचं इथं कुणाला बोलू नकोस. मला हुशार म्हणायला लागले ते इथं आल्यावरच, आक्का. घरी तो शब्द कायम तुझाच होता.

वाट पाहते, पण थोडी भीतभीतच.
तुझी वाशी