उघडं दार

रविवार, संध्याकाळ. सापगाव.

बोट ठणकतंय, तरी लिहितेच.

सकाळी मी बाजारात गेले तेवढ्यात सासूबाईंनी लव्हबर्डचा पिंजरा अंगणात नेला आणि दार उघडून दिलं. पाखरं कोंडणं पाप, असं त्या जोडी आणल्यापासून म्हणतायत. मादी आतच बसली. नर उडाला तो थेट आंब्यावर. मी आले तेव्हा कावळे त्याच्या मागे लागले होते आणि मादी आतून जिवाच्या आकांताने ओरडत होती. ते ओरडणं अजून कानातून जात नाही.

"पोपटच ना गो? रानात जगंल," सासूबाई म्हणाल्या.

"आई, हे आपल्या भातावर येणारे पोपट नाय. पिंजऱ्यातच जन्मलेत. रानात काय खायचं, कोणाला भ्यायचं, यांना ठाऊकच नाय."

त्या मग स्वतःच काठी घेऊन उन्हात कावळे हाकलत राहिल्या. मादीचं ओरडणं थांबेना. दुपारी कधीतरी नराने तिला साद दिली आणि खाली येऊन पिंजऱ्यावर बसला. मी धरला. बोटाला कडकडून चावला, पण मी सोडला नाही.

सासूबाईंचं चुकलं का? सगळंच नाही. एवढ्याशा पिंजऱ्यात पाखरांना उडता कुठे येतं? सोडणार नाही, पण असं कोंडूनही ठेवणार नाही. अर्ध्या पडवीला जाळी लावायची, ठरलं.

सासूबाईंना तसं सांगितलं, उरलेली अर्धी त्यांना बसायला राहील म्हणून. म्हणाल्या, "अर्धी कशाला? सगळीच घे. मी बसंन अंगणात."