सुनेनं भरून देल्लेले गाल

अमरावती,
सोमवार

ती. चतुराताईस,

लहान्या लीलाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुहे गुडघे, भाऊजीचा खोकला अन् जठारपेठेतलं नळाचं पाणी, सारं ठीक असन अशी आशा. मी बरी हाये. इतकी बरी, की त्याचंच रडगाणं सांगाले कागद घेतला. फोनच केला असता, पण रागिणीचे कान (सुनेले कान देताना देवानं हात आखडला नाही) सयपाकघरातून अंगणापर्यंत येतात.

तुले ठावंच हाये, माह्या बीपीचं निमित्त करून तिनं सयपाकघर माह्या हातून काढून घेतलं. तवापासून बिनमिठाची लवकीची (दुधीची) भाजी, बिनतेलाची लवकी, अन् सणावाराले दोन्ही नसलेली लवकी. पण मीबी कच्च्या गुरूची चेली नाही. डाढा काढल्यावर माहे गाल आपोआप आत गेलते. मी फक्त ते गल्लीभर फिरवले. तोंडानं एक शब्द बोलाची गरज नाही. शेजारची मैनाबाई गालाकडे पाहूनच 'अरेरे' म्हणे, अन् मागच्या दारानं वाटीभर ठेचा येई. शेवटी आमचे भासरे, यायचे थोरले भाऊ महादेवराव, धामणगावहून फैसला कराले येतो म्हणाले. सयपाकघर मले वापस भेटणार, हे पक्कं होतं.

तेवढ्यात माहा वाढदिवस आला. रागिणी म्हणे, आई, यंदा तुमाले काहीतरी भारी देते, अन् मले कातडीच्या डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेली. नाव डॉ. कहकशाँ, हात हलका, बोलणं लय गोड. गालात बारीक सुईनं जेल भरतात, त्याले फिलर म्हणतात. सुरकुत्या बुजतात, बसलेला गाल वर येते, वर्षभर तरी टिकते. (आपण गादीत कापूस भरतो तसंच, फक्त इथला पिंजारी एसीत बसते.) मी नाही म्हणाले पाह्यजे होतं. पण फुकटचं कोण सोडते? दोन दिवस सूज होती, बरफ लावला, अन् मंग आरशात पाह्यलं तं, ताई, खोटं काहून बोलू, मीच मले नमस्कार केला. नितेश तं आपल्या मायले ओळखे नाही. (तसाबी लग्न झाल्यापासून तो ओळखत नव्हताच.)

काल महादेवराव आले. मी डोळ्याले पदर लावून उपासमार सांगाले सुरुवात केली. त्यायनं मले नीट न्याहाळलं, अन् उठून रागिणीच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, तुनं हिले लय जपलं. सयपाकघर तुह्याच हाती राहू दे."

मले खरंच रडू कोसळलं. तं सारे म्हणे, खुशीचे आसू हायेत. मैनाबाई आपली सासू महिनाभर आमच्याकडे ठेवाचं म्हणून राहिली. वाढदिवस माहा होता, पण भेट कोणाले भेटली ते तूच समज. रागिणी खाली मान घालून लाजत होती, अन् संध्याकाळी पुन्हा लवकी होती.

भाऊजीले नमस्कार, पोरायले आशीर्वाद.

तुही,
लीला

ता. क. हे जेल विरघळवाचं इंजेक्शनबी असते म्हणतात. अकोल्यात कोणी देत असन तं गुपचूप विचारून ठेव.

दुसरा ता. क. विचारू नको. आज जावेच्या पोराच्या, शिवमच्या साखरपुड्यात एका बाईनं मले रागिणीची मोठी बहीण समजलं.

तिसरा ता. क. त्यापेक्षा तूच महिनाभर राहाले ये. तुहे गाल देवाच्या कृपेनं बसलेलेच हायेत. जाताना वाट वाकडी करून धामणगावले महादेवरावले तोंड दाखव, अन् इतकंच सांग, की लीलाकडे महिनाभर जेवून येऊन राहिली.