नववा नंबर

महल्ला शहर,
३ सप्टेंबर २०२३

सन्माननीय उम्म वजीह यांस,
सादर सलाम.

आपण सर्व सुखरूप असाल. चिरंजीव वजीहचा खोकला थांबला असेल, अशी आशा आहे.

आपली मुलगी सफिनाझ हिची प्रगती कळवणे माझे कर्तव्य आहे. माझ्या उन्हाळी वर्गातील दहा मुलींत टक्केवारी आणि व्याज तिचे सर्वांत पक्के आहे. अक्षर मात्र गलथान.

दोन शनिवार ती आलेली नाही. कारण मी विचारत नाही. ते मला ठाऊक आहे.

घरखर्चातून गणित शिकवावे म्हणून मी मुलींची भिशी सुरू केली: आठवड्याला प्रत्येकीचे पन्नास पौंड, जिचा नंबर तिला पाचशे. आपल्या गल्लीत जिला नड असते ती पहिला नंबर मागून घेते. मी ती पद्धत अव्यवस्थित ठरवून चिठ्ठ्या टाकल्या. सफिनाझला नववा आला. मग मी फळ्यावर सिद्ध केले की प्रत्येकीने भरलेले आणि प्रत्येकीला मिळणारे सारखेच. सबब क्रमाने काहीही फरक पडत नाही.

"फरक पडत नाही ना, बाई? मग मला पहिला द्या," सफिनाझ म्हणाली.

मुली हसल्या. पहिला नंबर लागलेली राविया ओरडली, "घे गं माझा! मला कुठं फ्रिज घ्यायचाय!"

सफिनाझच्या बोलण्यात चूक नव्हती. चूक माझ्या सिद्धतेत होती, आणि ती मला तत्क्षणी दिसली. तरीही मी तिला उद्धट म्हटले व वर्गाबाहेर उभे केले. पैसे कशासाठी हवेत, हे विचारले नाही. माध्यमिक शाळेच्या प्रवेशाची मुदत त्याच आठवड्यात गुरुवारी संपत होती, हे नंतर रावियाने सांगितले. आता ती आपल्यासोबत कारखान्यात बटणे लावते, हेही तिनेच.

मी फी रावियाहाती पाठवली. सफिनाझने ती परत पाठवली, निरोपासह: "बाईंना सांग, माझा नंबर नववा आहे."

काल जिचा नंबर होता तिने तो सफिनाझला दिला. मी अडवले नाही. पैसे सोबत आहेत. ही दया नव्हे. उरलेले हप्ते तिला वर्गात येऊन भरावेच लागतील.

उशिराचा अर्ज परवा, मंगळवारी दुपारपर्यंत स्वीकारतात. त्यावर पालकाची सही हवी. मी सकाळपासून शाळेच्या कार्यालयात बसून राहीन.

हे पत्र सफिनाझच आपल्याला वाचून दाखवील, हे जाणूनच लिहिले आहे.

जिच्या रास्त प्रश्नाला मी शिक्षा हे उत्तर दिले, तिची शिक्षिका,
इफ्फत शिरबीनी