जुनी डिस्क सोबत पाठवतो आहे

दहिवली, कर्जत
रविवार, ८ डिसेंबर २०२४

चि. अंतरा,

आशीर्वाद. आधी ‘सप्रेम’ लिहिलं होतं, मग खोडलं. म्हटलं, तू लगेच भुवया चढवशील की आज बाबांना काय हवंय.

इकडे सगळे खुशाल. आईचा गुडघा बरा आहे, असं ती म्हणते. जिना चढताना तोंड वाकडं करते ते मला दिसतं, पण विचारलं की विषय बदलते. शेजारच्यांनी कॅमेरा लावलाय आणि त्याचं तोंड नेमकं आपल्या फाटकाकडे. सहज लावला म्हणतात. सहज म्हणे!

तू ठेवून गेलेला लॅपटॉप मी वापरतो. शाळेच्या स्मरणिकेचं टायपिंग त्यावरच चाललंय. पण अलीकडे त्याने अगदी छळ मांडला होता. सुरू करायचा, आंघोळ उरकायची, पूजा उरकायची, तरी पडद्यावर ते गोल आपलं फिरतंच आहे. शेवटी चौक गावी नीलेशकडे नेला. माझाच विद्यार्थी. टायरवाल्या वाल्मिकच्या शेजारी त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने बघितलं न बघितलं आणि म्हणाला, “सर, लॅपटॉप चांगला हाय. आतली हार्ड डिस्क थकलीय. एसएसडी टाकू, नवी फास्ट डिस्क. विंडोज जशीच्या तशी तिच्यावर उचलून ठेवतो.”

“जशीच्या तशी म्हणजे?”

“म्हंजे सगळंच. फायली, फोटो, पासवर्ड. कायपण हलनार नाय.”

इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. सगळं उचलणार, म्हणजे सगळं याच्या हातातून जाणार. त्यात नववीत याच नीलेशचा कंपास मी भर वर्गात उलटा करून तपासला होता. सापडलं काही नव्हतं. तरी मी म्हटलं, दोन दिवसांनी आणून देतो.

तुला ठाऊक आहे, बोर्डाच्या परीक्षेला बावीस वर्षं मी केंद्रसंचालक होतो. पेपरचा गठ्ठा कसा मोहोरबंद करायचा ते मला कोणी शिकवायला नको. घरी येऊन लॅपटॉपच्या पाठीवर तीन कागदी पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येकीवर तारीख, वेळ आणि जोडावर सही. लाखही वितळवायला घेतली होती, पण आईने गॅसच बंद केला. “डोकं फिरलंय तुमचं,” म्हणाली.

गुरुवारी पनवेलच्या एसटीने चौकला उतरलो आणि नीलेशला बजावलं, “काम कर, पण पट्टी फाटता कामा नये.”

त्याने लॅपटॉप उलटा केला, सुलटा केला. “सर, स्क्रू पट्टीच्या खाली हायत. फाडल्याबिगर उघडू कसा?”

वाल्मिक टायर सोडून पोट धरून हसत होता. माझी पुरती शोभा झाली. पण हार कसली मानतोय मी! तिथेच वहीच्या कागदावर पंचनामा लिहिला, ‘सदर पट्ट्या माझ्या समक्ष काढण्यात आल्या’, आणि खाली वाल्मिकची सही घेतली. त्याच्या अंगठ्याचं काळं ग्रीस कागदाला लागलं ते लागलंच.

मग मी स्टुलावर ठाण मांडून बसलो. अडीच तास जुन्या डिस्कवरचं नव्या डिस्कवर जात होतं आणि मी आकडा बघत होतो. बत्तीस टक्के, तेहेतीस टक्के. नीलेश चहा प्यायला बाहेर गेला, तर मी त्याचा फोनही जरा लांब सरकवून ठेवला. कोण कशाचा फोटो काढेल, सांगता येतं का?

सगळं जोडून त्याने बटण दाबलं आणि दहा-बारा सेकंदांत लॅपटॉप उभा. बघतो तर तेच चित्र, त्याच फायली, तीच माझी अर्धवट स्मरणिका. मी म्हटलं, “तू काही बदललेलंच नाहीस. तीच डिस्क परत बसवलीस.” बिचाऱ्याने पुन्हा स्क्रू काढून नवी डिस्क दाखवली.

आता जे लिहायचं ते लिहितो. इतका वेळ टाळत होतो.

सुरुवातीच्या पडद्यावर दोन नावं येतात. एक ‘बाबा’, एक ‘अंतरा’. तुझ्या नावावर पेठच्या किल्ल्यावरचा तुझा फोटो आहे. चार वर्षं मी त्या फोटोवर बोट ठेवून पासवर्ड टाकून बघतोय. तुझी जन्मतारीख, आईचं नाव, आपल्या मांजरीचं नाव. नाही उघडलं.

मी नीलेशला म्हटलं, “हे दुसरं खातं उघडता येईल का रे?”

“येतं ना. पाच मिन्टांचं काम हाय.” मग थांबून म्हणाला, “ताईचं हाय ना? ताईनं सांगितलंय?”

मी म्हटलं, “हो. तिनेच सांगितलंय.”

“मग सर, तिला फोन लावा. मी बोलतो, करतो लगेच.”

अंतरा, मी फोन हातात घेतला. रेंज नाही म्हणालो. तिथे चांगली रेंज होती, वाल्मिक शेजारी मोठमोठ्याने बोलतच होता. नीलेशने माझ्याकडे बघितलं, जुनी डिस्क पुसून पिशवीत घातली आणि माझ्या हातात दिली. “ही तुमच्याकडं ठेवा सर. मी नाय उघडनार. माज्या बायकोचा फोनपण मी उघडत नाय.” उद्धटपणे नाही बोलला गं. मला सांभाळून घेत बोलला. मला भर चौकात कोणी मुस्काटात दिल्यासारखं झालं.

तू घर सोडलंस त्या वर्षी, एकदा तू आंघोळीला गेली होतीस आणि हाच लॅपटॉप टेबलावर उघडा होता. ऋषिकेशने तुला लिहिलेलं, तू त्याला लिहिलेलं, मी सगळं वाचलं. वर त्याच्या घरी फोन करून नाही नाही ते बोललो. तू विचारलंस, “बाबा, तुम्ही वाचलंत?” मी म्हणालो, “मी कशाला वाचू? बापाला सगळं आपोआप कळतं.” तू तेव्हाच ओळखलं असणार. पण मी कबूल केलं नाही. आईलाही खोटंच सांगितलं, की बाहेरून कानावर आलं.

वाचलं होतं मी. माझं चुकलं.

काल पुन्हा चौकला जाऊन नव्या डिस्कवरचं तुझं खातं नीलेशकडून काढून टाकलं. म्हणजे तुझं जे काही आहे ते आता फक्त या जुन्या डिस्कवर आहे आणि ती सोबत पाठवतो आहे. पार्सल आईने बांधलंय. मला हात लावू दिला नाही, आणि तिचं बरोबरच आहे. नाशिकचा पत्ता तिने दिला. मी मागितला तेव्हा दिला. मागच्या वर्षी तिच्या पर्समध्ये शोधला होता, तेव्हा मिळाला नव्हता.

तू दर रविवारी आईशी बोलतेस. मी दाराआड उभा असतो. “हो गं”, “नाही गं”, “बघ बाई” एवढंच ऐकू येतं आणि त्यावरून मी आठवडाभर तर्क करत बसतो. तुला नोकरीत त्रास आहे का, तू एकटी आहेस का, लग्न केलंस का, मला काही म्हणजे काही माहीत नाही. तुझं खातं उघडून मला एवढंच बघायचं होतं. इतकी वर्षं तुझी दप्तरं, कपाटं, फोन तपासले, तुझ्या मैत्रिणींना उलटसुलट विचारलं. तुला कधी विचारलं नाही.

तेव्हा आता तुलाच विचारतो. बाळ, तू बरी आहेस ना?

तुझे,
ज्यांना काहीच आपोआप कळत नाही असे
बाबा