जावेची झोप

मी, रत्नाबाई भिवाजी बलकवडे, वय ७३, धंदा घरकाम व खोल्या भाड्याने देणे, राहणार माण, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या दडपणाशिवाय लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. झोप येत नाही हे त्यांना सांगितलं, तर म्हणाले, या वयात चालायचंच. माझी जाऊ एकाहत्तरची आहे आणि ढाराढूर झोपते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

१. इमारत. तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत मुलगा शेखर याच्या नावे. त्याने भाडेकरूंना पाण्यावरून छळू नये. माझ्या मागे सून शुभांगीला गॅलरी काचेने बंद करायची आहे, मला ठाऊक आहे. करू दे.

२. दागिने. पाटल्या आणि मोहनमाळ नात आरोहीला. मोहनमाळ मी जावेच्या मुलीच्या, दिशाच्या लग्नात मिरवायला केली होती. जाऊ म्हणाली, "आक्का, लई शोभतीया." आणि मनापासून म्हणाली. त्यानंतर मी ती घातली नाही. आरोहीने हवी तर मोडावी.

३. चौथा मजला. याचं कारण लिहिणं भाग आहे.

शारदा शंभू बलकवडे ही माझी धाकटी जाऊ. वाटणी झाली तेव्हा आमच्या घरच्या रीतीने थोरल्यांनी वाटे पाडले आणि धाकट्यांनी आपला वाटा आधी उचलला. एकीकडे विहीर, दुसरीकडे खडकाळ माळ. भावोजींनी तिला विचारलं, तिने विहीर उचलली. मी महिनाभर तिच्याशी बोलले नाही. पुढे माळावरून कंपन्यांचा रस्ता गेला आणि आम्ही कुठल्या कुठे गेलो. तिच्या विहिरीला पाणी राहिलं नाही, भावोजी गेले, आमच्या इमारतीला लागून पत्र्याच्या दोन खोल्या आणि एक म्हैस उरली.

रस्ता मंजूर झाला त्या दिवशी मी पेढे घेऊन गेले होते. तिचं तोंड उतरलेलं बघायचं होतं, दुसरं काही नाही. तिने दोन खाल्ले, एक दिशाला ठेवला आणि म्हणाली, "बरं झालं आक्का, आता तुमचं उन्हातलं राबणं सुटलं."

मग मी चौथा मजला चढवला. खोल्यांची गरज नव्हती. तिच्या अंगणात ऊन पडू नये म्हणून चढवला, हे आज पहिल्यांदा सांगते. शेखरलाही माहीत नाही. तिने त्या सावलीत बाज टाकली. दुपारी जेवली की जी पडते ती म्हैस ओरडेपर्यंत उठत नाही. सोळा वर्षं मी गॅलरीत बसून हे बघते आहे. डोळे चुरचुरतात, मिटत नाहीत. काय मेलीचं नशीब!

झोप त्या बाजेतच आहे, असं मला वाटलं. म्हणून वकिलांना मसुदा करायला सांगितला: चौथा मजला शारदेला, आणि त्या बदल्यात तिचं अंगण आणि बाज माझ्या मरणापर्यंत मला. ते ऐकून ती म्हणाली, "त्याला कागद कशाला? झोपा की हितं. मी वर पडते."

आठ दुपारी मी तिच्या बाजेवर पडले आणि माझ्याच इमारतीच्या खिडक्या बघत राहिले. कुणी काय वाळत घातलंय ते पाठ झालं. नवव्या दुपारी तरातरा वर गेले, तर शारदा माझ्या गॅलरीत, उघड्या फरशीवर, उशाला पायपुसणं घेऊन घोरत होती. मी तिला गदागदा हलवलं. मला रडू आलं होतं, तरी तोंडातून शिवीच निघाली. "भवाने, झोप येती तरी कशी गं तुला?"

ती उठून बसली. "आक्का, रस्ता तुमच्याकडनं गेला तवा मी दोन वर्सं जळले. अन्न गोड लागंना. इहीर मीच उचललेली, आन शिव्या ह्यांला द्यायची. मग माझा मलाच कंटाळा आला. दिलं सोडून."

"असं सुटतं व्हय?"

"न्हाई सुटत. रोज सोडावं लागतं. आजबी जेवल्यावर सोडलं, मग आडवी झाले."

म्हणून वर लिहिलेली अदलाबदल रद्द. चौथा मजलाही शेखरलाच. शारदेला काही ठेवत नाही. तिने नको म्हटलं, आणि वकील म्हणाले, जिला द्यायचं ती साक्षीदार नसलेली बरी. मला तिची सही हवी आहे.

४. हेवा. ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे, वाडवडिलांकडून आलेली नाही. ती मी कोणाच्याही नावे करत नाही. शेखर किंवा शुभांगीने तिच्यावर हक्क सांगू नये. जेवल्यावर सोडून बघते आहे. काल जमलं नाही. ती दोन वर्षांत मोकळी झाली आणि मी अजून इथेच आहे. आता मला याचाही हेवा वाटतो.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करते.

रत्नाबाई भिवाजी बलकवडे (सही)

साक्षीदार:
१. शारदा शंभू बलकवडे, जाऊ (सही)
२. नबीलाल इमाम तांबोळी, खालच्या गाळ्यातले दुकानदार (सही)

माण, ता. मुळशी
१८ फेब्रुवारी २०२५