सान सिल्वेस्टरचा वळसा

३ मे
ठरलं. टुरिस्ट गाइडचं लायसन्स काढायचं. आज आमच्या बाल्कनीखाली एक पोरगी घोळक्याला सांगत होती, तुर्कांनी वॅलेटाला वेढा घातला. तेव्हा वॅलेटा होतं कुठे? माल्टाचा वेढा उठल्यावर या शहराचा पाया घातला! वरून ओरडून सांगितलं. ती म्हणते, मग तुम्हीच या ना खाली, मिस. माझीच विद्यार्थिनी निघाली.
तीस वर्षं कॉन्व्हेंटमध्ये इतिहास शिकवला. येतेच खाली.

१५ मे
लेखी परीक्षेत शहाण्णव. उरलेले चार कुठे गेले, विचारणार आहे.

२२ मे
प्रॅक्टिकलचा रूट आला. परीक्षक मिस्टर मालिया. बरोबर आठ टुरिस्ट. कॅथीड्रल, मग सान सिल्वेस्टरचं चर्च, मग बागेत रोज बाराला उडते ती तोफ.
सान सिल्वेस्टर! आम्ही शेजारच्या सान ब्लाज चर्चचे. त्यांच्या संताची मिरवणूक निघाली की आई खिडक्या लावून घ्यायची. गेल्या वर्षी त्यांनी आमच्यापेक्षा चार मिनिटं जास्त फटाके उडवले. मुद्दाम.
मिस्टर मालियांना पत्र लिहिलं: चर्च बदला. उत्तर: बदलत नाही.
हरकत नाही. चर्च बाहेरूनही दाखवता येतं. लांबून तर जास्तच चांगलं.

२ जून
सराव. त्यांची गल्ली टाळणारा रस्ता सापडला. पायऱ्या दोनशे अकरा जास्त. टुरिस्टांना व्यायाम आवडतो.
मासळीवाल्याकडे विन्चेन्सा भेटली. मिरवणुकीत वाजवणाऱ्या सिल्वेस्टरच्या बँड क्लबचं स्वयंपाकघर सांभाळते, तिचं इंग्रजी ऐकवत नाही. सगळ्यांदेखत म्हणाली, काय गं एर्सिलिया, आमच्याकडे येणार म्हणे, संताला आंघोळ घालून ठेवू का? मी म्हटलं, दुर्बीण दे त्याला. मी लांबूनच जाणार आहे.

९ जून, सकाळ
आज प्रॅक्टिकल. तयारी उत्तम. पास झाल्यात जमा.

दुपारी ३
कॅथीड्रल उत्कृष्ट. मग वळसा. ऊन फार. एकशे चाळिसाव्या पायरीवर एक जर्मन आजोबा बसले ते उठेनात. मिस्टर मालियांनी विचारलं, सान सिल्वेस्टर कुठाय? मी बोटाने घुमट दाखवला. ते म्हणाले, हा तर सान ब्लाजचा. होता खरा. बोट सवयीने गेलं.
तेवढ्यात बाराची तोफ उडाली. आम्ही अजून पायऱ्यांवरच.
क्लबाच्या मागच्या खिडकीतून विन्चेन्सा ओरडली, अगं, मारतेस का त्या म्हाताऱ्याला उन्हात! सगळ्यांना क्लबात नेलं. पाणी दिलं, टोमॅटो-तेल लावलेला पाव दिला. मग चर्चमध्ये नेलं. महायुद्धात तिच्या आजोबांनी संताची मूर्ती पलंगाखाली लपवली होती, ते सांगितलं. इंग्रजी एकूण तीन शब्द: ग्रँडफादर, बेड, बूम. जर्मन आजोबा रडले.
हे सगळं नंतर कळलं. मी बाहेरच होते. मिस्टर मालिया म्हणाले, या आत. मी म्हटलं, इथूनच छान दिसतंय.
दार बंद होतं.

१६ जून
नापास. शेरा: ‘उमेदवाराचा अभ्यास दांडगा आहे, पण त्यांना एका दारातून आत जाता येत नाही.’ सप्टेंबरात पुन्हा. रूट तोच.
तक्रार लिहिली, चार पानं.

२० जून
विन्चेन्सा आली. मिस्टर मालियांनी तिला गाइडच्या परीक्षेचा फॉर्म भरायला सांगितलंय! इतिहासातली सालं पाठ होत नाहीत म्हणे, शिकव ना गं. काय धिटाई! चुकीची सालं शिकवायची ठरवलं.

२४ जून
बरोबरच शिकवली. चुकीची सालं माझ्या तोंडून निघत नाहीत.

५ सप्टेंबर
या वेळी आत गेले. मनातल्या मनात आईची माफी मागितली. मिस्टर मालिया म्हणाले, बोला. मी वर बघितलं. छतभर देवदूत, निळं आभाळ, एका देवदूताचा पाय तर थेट चौकटीबाहेर. हे चित्र कोणी काढलं, कधी काढलं, काही माहीत नाही. आयुष्यात त्यावर एक ओळ वाचलेली नाही. टुरिस्ट वर बघत होते, मीही बघत राहिले. मिस्टर मालियांच्या घड्याळात सात मिनिटं गेली.
नापास. विन्चेन्सा दुपारच्या गटात पास.

८ सप्टेंबर
विन्चेन्साची पहिली टूर. मी रीतसर नाव नोंदवून गेले, फक्त तिच्या चुका टिपायला. नवी वही नेली.
वही कोरी. चर्चमध्ये मला सगळ्यांच्या पुढे उभं राहावं लागलं. मागून तो पाय नीट दिसत नाही.