शेंब्या खुंटीले टांगल्या आहेत

उकंडराव जवाईबुवा,

ऊन डोक्यावर आल्याबिगर तुमचे डोळे उघडत नाईत, म्हणून चिठ्ठी तुमच्या पागोट्यात खोचून जातो.

कापूस अमरावतीतच विकला होता. घरी जायाचं सोडून तुमी आमाले अकोल्याले आनलं, ह्या भाड्याच्या ओसरीत बसवलं, अन् मग रोजचं तेच सुरू झालं. पहाटे माह्या बहिनीनं, सगुणानं, चूल पेटवाची, मी बैलाइले पानी दाखवाचं, अन् तुमी दुपारी उठून त्याइच्या शिंगाइले चांदीच्या शेंब्या घालून बाजारभर मिरवाचं. कोनी शेटजी म्हनलं का तुमची छाती फुगे. मांगून लोक हासत, ते मले आयकू ये.

बहिनीचा नवरा म्हणून मी गप रायलो. पन शेंब्या लहान निंगाल्या, तं तुमी शिंगंच साळून बारीक केली, पार रगत येईपर्यंत! काल पाखऱ्याच्या शिंगात हळद भरता भरता सगुणा रडून रायली होती, अन् तुमी आरशात पागोटं बांधत होते.

बैल माहे आहेत, गावी नेतो. शेंब्या तुमच्या, त्या खुंटीले टांगल्या आहेत. आता सोताच घाला अन् मिरवा. तुमचं डोकं साळाची गरज नाई, आंधीच बारीक आहे.

भाकरी शिंक्यात आहे. सगुणाले मी चाल म्हनलं नाई. बैल जुंपाले गेलो, तं ती पयलेच गाडीत बसली होती.

— गणुजी